पुठ्ठेमामांचे थर

पुठ्ठेमामा कोणाच्याही घरात शिरले की आधी खाली वाकायचे आणि जमिनीला हात लावायचे. पाहणाऱ्याला वाटायचं, माणूस भाविक दिसतोय, उंबऱ्याच्या पाया पडतोय. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. नवीन लग्न होऊन आलेली मी, माझ्या एका खोलीच्या संसाराला कोणीतरी एवढा मान देतंय म्हणून हरखून गेले. मग नीट पाहिलं तर हात उलटा होता. आजारी पोराच्या कपाळाला बोटांची मागची बाजू लावून ताप बघतात ना, तशी ते माझी जमीन बघत होते. बघून झाल्यावर मान हलवून म्हणाले, "ताई, लई गार हाय हो तुमचं घर. पाय कसे टेकवायलात तुमी?"

मला राग आला. सकाळीच घासूनपुसून खोली लख्ख केली होती, आणि हे गृहस्थ घराला नावं ठेवत होते. त्या दिवशी त्यांना चहाही जरा पाणचटच दिला. त्यांनी तो आवडीने प्यायला आणि जाताना पुन्हा एकदा वाकून, दुसऱ्या कोपऱ्यात हात लावून, "हितं तर जास्तच," असं सांगून गेले.

चाकणच्या एमआयडीसीला लागून, खराबवाडीच्या पुढे, शेतात बांधलेल्या सहा खोल्यांची एक रांग होती. वर पत्रा, खाली कोबा. चौथ्या खोलीत मी आणि माझा नवरा संदीप, पाचवीत मामा आणि मामी. संदीप गाड्यांची सीट बनवणाऱ्या कंपनीत होता. मामा परभणीकडचे, दुसऱ्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. परदेशातून येणारी मोठमोठी खोकी फोडायची आणि माल आत द्यायचा, एवढंच त्यांचं काम. दिवाळी सरली की आमचा कोबा असा काही गार पडायचा की सकाळी पाय खाली टेकवताना तोंडातून आपोआप 'आई गं' निघायचं. मी चपला घालून स्वयंपाक करायचे. सासूबाई आल्या की चपला दाराबाहेर जायच्या आणि माझी पावलं बधिर व्हायची.

मामांचं एक ठरलेलं बोलणं होतं. कोणी स्वेटर घालून कुडकुडत दिसलं की म्हणायचे, "थंडी वरून पडत न्हाई, खालून चढती. तुमी अंगावर चढवायलात, आन ती बसलीय पायाखाली." एकदा संदीपने त्यांना चिडवलं, "मामा, तुम्ही इंजिनियर व्हायला पाहिजे होतं." तर म्हणाले, "भावा, इंजिनियरच्या बायकोला कुठं कोब्यावर बसावं लागतंय?"

सगळं काही बायकोसाठी चाललेलं होतं. मामींना आमवात होता. थंडीत सकाळी मूठ वळायची नाही, गुडघे तर दहा वाजेपर्यंत त्यांचे नसायचेच. चौदा वर्षं मामा इकडे चार-पाच जणांबरोबर खोली करून राहिले होते आणि मामी तिकडे गावात. दोन्ही मुलींची लग्नं झाली तेव्हा कुठे मामी दोन पिशव्या आणि पत्र्याची एक पेटी घेऊन चाकणला आल्या. संसार म्हणावा असा त्यांचा पन्नाशीला सुरू झाला. मी आले त्याच वर्षीची ही गोष्ट, म्हणजे आम्ही दोघी तशा नव्या नवऱ्याच. आणि पहिल्याच थंडीत मामी म्हणाल्या, "मला गावाकडं घालून या. हितं माझी हाडं फुटायलीत."

आमच्या खोल्यांच्या भिंती वर पत्र्यापर्यंत पोचलेल्या नव्हत्या, त्यामुळे पाचवीतलं बोलणं चौथीत जसंच्या तसं यायचं. मामा म्हणाले, "तिकडं तरी काय हाय? तिकडंबी कोबाच हाय." ते खरं होतं. गावचं घर आधी शेणाने सारवलेलं, थंडीत पायाला मऊ लागणारं. पण बायकोचे हात दुखतात, तिला सारवायचा ताप नको, म्हणून मामांनीच आदल्या वर्षी हौसेने तिथे कोबा मारून घेतला होता. मामी म्हणाल्या, "तिकडं जाऊबाई हाय. उठवायला बसवायला माणसं हायत." मामा म्हणाले, "येवढा एक हिवाळा काढ. पुढच्या हिवाळ्यापस्तोर मी ही खोली ऊन करून देतो तुला. न्हाई झाली तर माझ्या हातानं सोडून येतो." तेव्हापासून त्यांचा सगळा जीव त्या दहा बाय बाराच्या जमिनीत अडकला. बायको जवळ राहते की जाते, हे त्या जमिनीवर ठरणार होतं.

तो पहिला हिवाळा त्यांनी कसा काढला ते सांगितलं तर हसाल. मामी घरी बसून रबराच्या बुशचं, म्हणजे गाडीत बसणाऱ्या रबरी कड्यांचं काम करायच्या. साच्यातून निघालेल्या बुशच्या कडेला फालतू रबर राहतं, ते ब्लेडने छाटायचं. पोतंभर बुश समोर ओतून दिवसभर भिंतीला टेकून खाली बसायचं काम ते. रात्री झोपायला मामांनी खोक्यांच्या फळ्यांची खाट ठोकली होती, पण दिवस सगळा कोब्यावरच जायचा. तर मामा पहिल्या शिफ्टला जायच्या आधी मामींच्या त्या जागेवर चहाचा कप घेऊन मांडी घालून बसायचे. चांगली पंधरा-वीस मिनिटं. कंपनीची बस चौकात हॉर्न मारायची तरी हलायचे नाहीत. मग उठून म्हणायचे, "ये. ऊन केलीय जागा. लगेच बस, न्हाईतर जाईल." आणि मामी खरोखरच लगबगीने येऊन बसायच्या. मी दारातून चिडवायचे, "मामी, कोंबडी उठली का अंड्यावरून?" मामी लाजून पदर तोंडाला लावायच्या.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर पुठ्ठे सुरू झाले. कंपनीतून बाहेर पडणाऱ्या काडीलाही गेटपास लागतो, आणि भंगार तर ठेक्याने गेलेलं असतं. मामांनी सुपरवायझरच्या मागे लागून लागून महिन्यातून एकदा 'वापरलेला पुठ्ठा, घरगुती' असा पास मिळवला होता. गेटवरचा सिक्युरिटीवाला दर वेळी विचारायचा, "काका, पुठ्ठ्याचं घर बांधताय काय?" मामा सांगायचे, "घर बांधून झालंय राव, आता ऊन करायलोय." त्या दिवशी ते बस सोडून सायकलने जायचे आणि दाराएवढे पुठ्ठे सायकलला बांधून यायचे. वारा लागला की सायकल रस्त्याच्या या कडेची त्या कडेला जायची. समोरून बघणाऱ्याला मामा दिसायचेच नाहीत, नुसतं खोकं चालत येताना दिसायचं. पुठ्ठेमामा हे नाव तेव्हापासूनचं.

पुठ्ठ्यातलं त्यांना फार कळायचं. कलिंगडवाला टिचकी मारून कलिंगड निवडतो तसे ते पुठ्ठ्याला टिचकी मारून, कान लावून, "हा सात पदरी. ह्यात हवा लई. हवा म्हंजे ऊब," असं समजावून सांगायचे. खाली सात पदरी पुठ्ठ्याचे दोन थर, त्यावर मालाबरोबर येणारा पांढरा फोम, त्यावर निळं प्लॅस्टिक, आणि त्या प्लॅस्टिकच्या कडा चारी भिंतींना पॅकिंगच्या टेपने चिकटवून टाकलेल्या. वर सतरंजी, सतरंजीवर कंपनीच्या जुन्या युनिफॉर्मची मामींनी शिवलेली गोधडी. मामींच्या पाठीमागे भिंतीला त्यांनी एक पुठ्ठा उभा केला होता, त्यावर लाल रंगात काचेच्या पेल्याचं चित्र होतं. "नाजूक माल हाय, जपून ठेवा, असं लिवलंय," म्हणायचे. मामी म्हणायच्या, "एवढा जपायचा व्हता तर चौदा वर्सं कुठं ठेवला व्हता?"

आणि खोली खरंच ऊन झाली. मी पाय ठेवून पाहिला आणि मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं. त्या हिवाळ्यात मामींनी गावाचं नाव काढलं नाही. बोटं वळायला लागली, सकाळच्या भाकरी त्या स्वतः थापायला लागल्या. मामा तर असे चालायचे जसं काही त्यांनी धरण बांधलंय. पुढच्या वर्षी माझी मुलगी रांगायला लागली तेव्हा मी हक्काने सांगितलं, "मामा, आमचीही खोली करून द्या." त्यांनी दोन रविवार घालवून आमचा कोबा झाकला. काम झाल्यावर उलटा हात लावून म्हणाले, "आता पोरगी कशीबी लोळू द्या." तिला खाली सोडून मी बिनघोर स्वयंपाक करायचे. पुठ्ठेमामांच्या जमिनीवर माझी मुलगी चालायला शिकली.

मामींना खोकला सुरू झाला तो त्याच हिवाळ्यात. मामांच्या लेखी खोकला म्हणजे थंडी आणि थंडी म्हणजे जमीन. त्यांनी आणखी एक थर घातला. खोकला पावसाळ्यातही गेला नाही, तेव्हा भिंतीशी टेप कुठे सुटलीय ते शोधून दुहेरी टेप मारली. मामी म्हणायच्या, "काहीतरी कुबट वास येतोय." मामा म्हणायचे, "तुझ्या रबराचा हाय." मला पण यायचा तो वास. मी पण रबराचाच समजले. चाकणच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का?" मामांनी छाती पुढे काढून सांगितलं, "एक थेंब न्हाई साहेब. कोरडं ठणठणीत. हात लावून बघा येऊन." हे मला त्यांनीच आल्यावर सांगितलं, मोठ्या अभिमानाने. आणि रविवारी पुन्हा एक थर घातला.

चौथ्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या मुलीच्या पैंजणाचं घुंगरू तुटून भिंतीकडेला गेलं. तिथली टेप जरा सुटली होती. घुंगरू शोधायला म्हणून मी प्लॅस्टिकची कड वर केली. आतून असा भपकारा आला की मी मागे सरले. फोम खालून हिरवट झाला होता आणि पुठ्ठा पुठ्ठा राहिलाच नव्हता. काळाकुट्ट, ओला, हाताला चिखलासारखा लागणारा लगदा, त्यावर राखेसारखी बुरशी. आमच्या खोलीत हे एका वर्षात झालं होतं. पाचवीत थर घालून दोन वर्षं उलटून गेली होती.

मी संदीपला सांगितलं. आम्ही दुसऱ्याच दिवशी आमची खोली रिकामी केली, सगळं काढून मागच्या ओढ्याकडे टाकलं, मामा शिफ्टला गेलेले असताना. त्यांना मात्र मी सांगितलं नाही. आठवडाभर सांगितलं नाही. रोज ठरवायचे आणि रोज ते दारात वाकून उलटा हात लावून हसले की मी चहाचं विचारून विषय बदलायचे. आमच्या दाराला चटई आडवी टाकून मी त्यांना आत येऊ दिलं नाही. त्या आठवड्याने काही फरक पडला नसता, असं संदीप आजही म्हणतो. मला ते पटत नाही. त्या आठवड्यात मामी त्या लगद्यावर बसून रोज बुश छाटत होत्या आणि मला ते माहीत होतं.

शेवटी मी सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, आत गेले, मामींना हाताला धरून खाटेवर बसवलं आणि टेप ओढली. नंतर सगळ्या रांगेने मिळून तो माल बाहेर काढला. खोल्यांच्या मालकाची आई, आम्ही त्यांना आक्का म्हणायचो, काठी टेकत आल्या. ढिगाकडे बघून म्हणाल्या, "आरं देवा. ह्या कोब्याखाली दगडाचं सोलिंग न्हाई काय न्हाई, मातीवरच मारलाय त्यो. बारा म्हैनं ओल वर येती. उघडा हाय तवर वाळतोय. तुमी त्याला झाकून टाकला व्हय? इचारायचं तरी मामा." मामा ढिगासमोर उकिडवे बसले होते. ते एवढंच म्हणाले, "मी खालून येणारी थंडी बघितली. बाकी खालून काय येतंय ते बघितलंच न्हाई." आतून मामींनी खोकत खोकत सांगितलं, "जाऊ द्या हो. ऊन तर व्हतं ना. माझे पाय तर माझ्यापाशी व्हते." मामींना वाटलं असेल की याने मामांना बरं वाटेल. मामांनी डोक्यावर हात घेतले ते बराच वेळ काढले नाहीत.

पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढले. बुरशीने फुप्फुसं राठ झालीत, पुन्हा पहिल्यासारखी होणार नाहीत, असं सांगितलं. मामींना गावी नेण्याचं पुन्हा निघालं, पण आता प्रवास झेपणार नव्हता. पाच-सहा आठवड्यांनी दवाखान्यानेही घरी न्या म्हणून सांगितलं. घरी म्हणजे त्याच खोलीत, ऐन थंडीत, उघड्या कोब्यावर. मामांनी खोलीत पुन्हा एक कागदही अंथरला नाही. सतरंजी नाही, पोतं नाही. मी चटई घेऊन गेले तर म्हणाले, "नगं ताई. झाकू नका त्याला." स्वतःही ते नुसत्या कोब्यावर खाटेच्या पायाशी बसून असायचे. कामावर जाणं सुटलं, पास सुटला. पेल्याचं चित्र असलेला पुठ्ठाही त्यांनी भिंतीपासून काढून नेला.

आता त्या खोल्या नाहीत. तिथे एका ट्रान्सपोर्टवाल्याचं गोडाऊन झालंय. मामा गावी गेले असं कळलं, मग त्यांचा फोन लागेनासा झाला. आम्ही पुनावळ्याला नवव्या मजल्यावर राहतो. जमिनीला गुळगुळीत टाइल्स आहेत, डिसेंबरात त्याही गार पडतात, आणि मी त्यावर काही अंथरत नाही. मुलगी ओरडते, गालिचा घेऊ म्हणते. तिला काय सांगू? कोणी खाली बसायला लागलं की माझा हात आपोआप उलटा होऊन जमिनीला लागतो, एवढं मात्र मामांचं माझ्याकडे राहिलंय.

ती शेवटची सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आठ वाजले असतील. मामींचा श्वास लांब लांब येत होता, मध्ये इतका थांबायचा की आम्ही एकमेकींकडे बघायचो. आक्का आल्या, डोळे बघितले, पाय चाचपले आणि म्हणाल्या, "आता खाली घ्या तिला. जीव खाटंवर जाऊ देऊ नगा." जाणाऱ्या माणसाला भुईवर ठेवायचं, मध्ये काही अंथरायचं नाही, ही रीत मी लहानपणापासून पाहिलेली. दुसऱ्या खोलीतल्या वहिनींनी खाटेशेजारची जागा झाडली. आक्कांनी तुळशीचं पान आणायला सांगितलं.

मामा उठले. झाडलेल्या जागेशी वाकले आणि उलटा हात कोब्याला लावला.

"गार हाय," ते म्हणाले.

ते पुन्हा म्हणाले, "आक्का, लई गार हाय. काहीतरी घालू द्या."

"अंथरायचं न्हाई लेकरा," आक्का म्हणाल्या. "तेवढं न्हाई करायचं."

मामांनी वाद घातला नाही. त्यांनी अंगातलं स्वेटर काढून खाटेवर ठेवलं आणि त्या जागेवर आडवे झाले. सरळ, पाठ टेकून, पाय जुळवून, नुसत्या बनियनवर. दारातली एक बाई कुजबुजली, "आगं बया, असं निजू नये त्या जागेवर." आक्कांनी हात वर करून तिला गप्प केलं. आम्ही उभ्या होतो. मामा पत्र्याकडे बघत पडून होते आणि खाटेवर मामींचा श्वास चालला होता. थोड्या वेळाने ते कुशीवर वळले, मग दुसऱ्या कुशीवर, मामींना जेवढी जागा लागेल तेवढी सगळी घेऊन. त्यांचे दात वाजत होते ते मला ऐकू येत होतं. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

मग ते उठले. पाठीला सगळी सिमेंटची भुकटी लागली होती.

"ठेवा," ते म्हणाले. "लगेच ठेवा, न्हाईतर जाईल."

आम्ही चौघींनी मामींना उचललं. ठेवताना माझा हात त्यांच्या कमरेखाली होता, तो कोब्याला टेकला. कोबा ऊन होता. माझी बोटं जरा बाहेर गेली तिथे नुसता बर्फ, आणि आत माणसाच्या लांबीरुंदीएवढी ऊब. मामींच्या तोंडावर काही उमटलं का, हे मला सगळे नंतर विचारायचे. मी खोटं कशाला सांगू, काही उमटलं नाही. मामा त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांनी मामींच्या हाताजवळ आपला उलटा हात जमिनीला लावून ठेवला. त्यानंतर मामी अर्धा-पाऊण तास होत्या. पण कोबा तो. तो मामींच्या आधीच गार झाला.